गल्ला मोजावा, गाव मोजू नये

तुमच्या गावाला समुद्र आहे, वाळू आहे, गळकं सरकारी विश्रामगृह आहे, आणि पर्यटक मात्र पुढच्या गावाला जातात? मग अभिनंदन. कॅसिनो आणण्याची निम्मी पूर्वतयारी झालेलीच आहे. उरलेल्या निम्म्यासाठी एक अभ्यासदौरा काढा. तो सिंगापूरला किंवा मकावला नेऊ नका, तिथे गेलेली माणसं उगाच मोठ्या अपेक्षा घेऊन परततात. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात अटलांटिक सिटी नावाचं शहर आहे, तिथे जा. समुद्रकाठच्या गावाने कॅसिनो आणून विकास कसा साधावा आणि साधला नाही तरी तो अहवालात कसा दाखवावा, याचं असं शिक्षण जगात दुसरीकडे मिळत नाही.

पहिली अट अशी, की गावाला थोर भूतकाळ असावा. अटलांटिक सिटीला तो भरपूर होता. 1854 साली रेल्वे आली आणि फिलाडेल्फियाचे चाकरमाने हवा खायला येऊ लागले. ते बुटांतून वाळू आणून हॉटेलांचे गालिचे आणि रेल्वेचे डबे खराब करत, म्हणून 1870 मध्ये किनाऱ्याला लागून लाकडी फळ्यांचा रस्ता केला. तोच पुढे बोर्डवॉक म्हणून जगप्रसिद्ध झाला. 1921 पासून तिथे मिस अमेरिका स्पर्धा भरू लागली. आपण उन्हाळ्याच्या सुट्टीत जो ‘व्यापार’ खेळत चर्चगेट आणि मरीन ड्राइव्ह विकत घ्यायचो, त्याचा अमेरिकन पूर्वज असलेल्या मोनोपोलीच्या पटावर याच शहरातले रस्ते आहेत.

दुसरी अट अशी, की ते वैभव गेलेलं असावं आणि गेल्याचं सर्वांना दिसावं. विमानं स्वस्त झाली, लोक फ्लोरिडाला जाऊ लागले. 1964 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन इथे भरलं तेव्हा देशभरचे पत्रकार आले आणि राजकारणाच्या जोडीने गळके नळ नि कळकट खोल्या यांच्याही बातम्या देऊन गेले. एवढी बदनामी झाली की जनता कुठल्याही उपायाला मान डोलावते.

उपाय मांडताना मात्र जुगार हा शब्द शक्यतो टाळा. न्यू जर्सीने 1977 च्या कायद्यात कॅसिनोचं वर्णन शहराच्या पुनर्विकासाचं अनोखं साधन असं केलं. राज्यपाल ब्रेंडन बर्न यांनी त्यावर बोर्डवॉकवरच सही केली आणि त्याच दमात माफियांना या शहरापासून हात दूर ठेवण्याची तंबी दिली. मग ज्येष्ठ नागरिकांना पुढे करा. कॅसिनोच्या उत्पन्नावर आठ टक्के कर, आणि तो पैसा राज्यातल्या वृद्धांच्या व अपंगांच्या योजनांना. आता याला विरोध कोण करणार? विरोध करणारा थेट कुणाच्या तरी आजीच्या औषधाच्या बाटलीवर घाला घालतोय असं दिसतं.

26 मे 1978 रोजी पहिला कॅसिनो उघडला. लास वेगास ज्यात आहे त्या नेवाडा राज्याबाहेर कायदेशीर कॅसिनो अमेरिकेत तोवर नव्हता, त्यामुळे दाराबाहेर रांगा लागल्या. इथे नवशिक्या माणूस एक चूक करतो. त्याला वाटतं, लोक आले म्हणजे ते समुद्रावर जातील, खानावळीत जेवतील, दोन रात्री राहतील आणि गावात पैसा खेळेल. तसं होऊ देऊ नका. इमारत अशी बांधा की तिचं तोंड आत असेल आणि पाठ गावाकडे. खिडकी नको, घड्याळ नको. गाडीतळापासून पत्त्यांच्या टेबलापर्यंत माणूस उन्हाचं दर्शन न घेता पोचला पाहिजे. आत जेवण स्वस्त द्या, म्हणजे बाहेरच्या खानावळवाल्याला पुनर्विकास होताना स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल. गिऱ्हाईक नसल्यामुळे त्याला तेवढा वेळही असेल.

पर्यटक आणायचे कसे, तर बसने. भरभराटीच्या दिवसांतली अटलांटिक सिटीची ही खरी कला. तेव्हाचं दृश्य डोळ्यांपुढे आणा. सकाळी न्यूयॉर्क किंवा फिलाडेल्फियाच्या एखाद्या वस्तीतून बस सुटते. आत बहुतेक पांढरे केस, पायात मऊ बूट, मांडीवर पर्स, पर्समध्ये घरचं सँडविच. कॅसिनोच्या दारात बस थांबली की प्रत्येकीच्या हातात दहा-पंधरा डॉलरची नाणी किंवा तेवढ्याचं कूपन ठेवलं जातं. म्हणजे तिकिटाचा बराचसा खर्च निघाला, आजी खूश. नाणी प्लास्टिकच्या पेल्यात ओतून ती जुगाराच्या मशीनसमोर बसते. परतीची बस काही तासांनी, तोवर जायचं कुठे? नाणी संपली की पर्स उघडते. आवळा देऊन कोहळा काढणे याचं इतकं शिस्तबद्ध, वातानुकूलित आणि वेळापत्रकाप्रमाणे चालणारं प्रात्यक्षिक दौऱ्यावरच्या सदस्यांनी समजून घेतल्याशिवाय राहू नये. शिवाय आजीच्या पर्समधल्या पैशातून आठ टक्के कर जातो आणि त्यातून आजीची औषधं स्वस्त होतात. तिला आपल्याच पैशाचा काही भाग सरकारी योजना म्हणून परत मिळतो, आणि ती मतदानही करते.

आता हिशेबाचा मुद्दा. पर्यटक मोजताना डोकी मोजू नयेत, फेऱ्या मोजाव्यात. तीच आजी दर आठवड्याला आली तर वर्षाचे बावन्न पर्यटक होतात. या पद्धतीने ऐन भरात अटलांटिक सिटीकडे वर्षाला तीन कोटींहून जास्त भेटी जमा होत. गावची वस्ती तेव्हा चाळीस हजारांच्या आसपास. यातल्या किती जणांनी समुद्राला पाय लावले, असली विचारपूस पर्यटन खात्याने करू नये.

बांधकाम भव्य हवं, आणि त्याहून भव्य कर्ज. 1990 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी इथे ‘ताजमहाल’ उघडला. दाराशी दगडी हत्ती, वर घुमट, आणि हे जगातलं आठवं आश्चर्य असल्याची स्वतःच केलेली घोषणा. खर्च सुमारे एक अब्ज डॉलर, त्यातले साडेसदुसष्ट कोटी 14 टक्के व्याजाच्या रोख्यांवर उभे केलेले. खऱ्या ताजमहालाला निदान कुणी हे जग सोडून जाण्याची वाट बघावी लागली होती. इथे पुढच्याच वर्षी दिवाळखोरीचा अर्ज गेला.

कर्जाचा हप्ता थकला तर काय करावं, याचाही धडा याच घराण्याकडे आहे. डिसेंबर 1990 मध्ये त्यांच्या दुसऱ्या कॅसिनोचा, म्हणजे ‘कॅसल’चा, रोखेधारकांना द्यायचा हप्ता तोंडावर आला होता. वडील फ्रेड ट्रम्प यांचा वकील तिथे गेला, ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगाराच्या टेबलाशी बसला आणि साडेतेहेतीस लाख डॉलरच्या चिप्स, म्हणजे रोख मोजून घ्यायच्या खेळाच्या चकत्या, घेतल्या. पाच हजारांची एक याप्रमाणे 670 करड्या चिप्स. त्यांतली एकही न खेळता तो उठून निघून गेला. झालं, कॅसिनोत रोकड जमा. कॅसिनोच्या इतिहासात पैसे लावायला न आलेला इतका मोठा गिऱ्हाईक क्वचितच झाला असेल. नियंत्रण आयोगाने नंतर दंड लावला, पण हप्ता वेळेवर गेला होता. आपल्याकडे पतसंस्था चालवलेल्या मंडळींना हे तंत्र समजावून सांगायची गरज पडू नये.

जमिनीचं बघा. प्रत्येक गावात एक हट्टी म्हातारी असतेच. अटलांटिक सिटीत कॅसिनोंच्या मधोमध एका विधवेचं तीनमजली घर होतं. एका बड्या प्रकाशकाने देऊ केलेले दहा लाख डॉलर तिने नाकारले, तेव्हा त्याने तिच्या घराभोवती आणि डोक्यावर पोलादी सांगाडा उभारला आणि मग त्याचेच पैसे संपले. पुढे नव्वदच्या दशकात शेजारच्या ‘ट्रम्प प्लाझा’च्या लिमोझिन उभ्या करायला जागा हवी म्हणून सरकारी प्राधिकरणाने सार्वजनिक हिताच्या नावाखाली घर घ्यायचं ठरवलं आणि 2 लाख 51 हजार डॉलर देऊ केले. 1998 मध्ये न्यायालयाने ते अडवलं. हा धक्का होता, पण धीर सोडू नये. प्लाझा 2014 मध्ये बंद पडला आणि 2021 मध्ये सुरुंग लावून पाडला. म्हातारीचं घरही 2014 मध्ये लिलावात जाऊन नंतर पाडलं गेलं. आता त्या परिसरात मोटारी लावायला पुरेशी जागा आहे.

गावकऱ्यांच्या किरकोळ मागण्या येतील. त्यांच्यावर वेळ घालवू नका. अटलांटिक सिटीत दीड दशकाहून जास्त काळ एक धड सुपरमार्केट नाही. पहाटे तीन वाजता शॅम्पेन मिळते, दुधाची पिशवी आणि ताजी भाजी घ्यायला मात्र गावाबाहेर जायचं. 2021 मध्ये सुपरमार्केटचं भूमिपूजन झालं, नेत्यांनी फावडी हातात घेऊन फोटो काढले. दुकान झालं नाही. इथवर आल्यावर दौऱ्यावरच्या सदस्यांना अगदी घरी आल्यासारखं वाटेल.

आणि शेजारी. जोवर चारशे किलोमीटरच्या टापूत तुमचाच कॅसिनो आहे तोवर तुम्ही द्रष्टे. 2006 मध्ये अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंनी 5.2 अब्ज डॉलर मिळवले. त्याच वर्षाच्या शेवटी शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्याने, म्हणजे फिलाडेल्फियाच्या राज्याने, जुगाराची मशीनं सुरू केली, आणि फिलाडेल्फियाच्या आजीला लक्षात आलं की पैसे घराजवळही घालवता येतात. समुद्र तिच्या हिशेबात कधी नव्हताच. दहा वर्षांत कमाई निम्म्यावर आली. उत्तर म्हणून 2012 मध्ये 2.4 अब्ज डॉलरचा ‘रेव्हेल’ उघडला, काचेचा, झळझळीत. 2014 मध्ये तो बंद झाला आणि 8 कोटी 20 लाखांना विकला गेला. त्या एका वर्षात बारापैकी चार कॅसिनोंना टाळं लागलं, सुमारे आठ हजार लोक घरी बसले. 2016 मध्ये राज्य सरकारने शहराचा कारभारच हाती घेतला.

इथे कच्चा माणूस म्हणेल, म्हणजे योजना फसली. तुम्ही तसं म्हणू नका. 2023 चा अहवाल उघडा. अटलांटिक सिटीच्या जुगाराची वर्षाची कमाई 5.77 अब्ज डॉलर, म्हणजे 2006 चा विक्रम मोडला! मथळा झाला, टाळ्या झाल्या. आता सावकाश पान उलटा. प्रत्यक्ष कॅसिनोत येऊन खेळलेल्यांकडून आलेले 2.85 अब्ज. उरलेला पैसा ऑनलाइन जुगाराचा आणि सामन्यांवरच्या सट्ट्याचा. तो खेळणारा माणूस न्यू जर्सीच्या दुसऱ्या टोकाला पलंगावर पडलेला असतो, पायात मोजे. तो बोर्डवॉकवर चालत नाही, खोली घेत नाही, टॅक्सीवाल्याला टिप देत नाही. पण समुद्रकाठच्या शहराच्या कामगिरीत त्याची गणती होते. त्यातही मोठा वाटा ऑनलाइन कंपन्यांना जातो, हे कॅसिनोवाले स्वतःच कुरकुरत सांगतात.

एवढ्यावर थांबलात तर तुम्ही अर्धेच शिकलात. कॅसिनो शहराला मालमत्ता कराऐवजी एक ठरावीक रक्कम देतात, आणि ती त्यांच्या कमाईवरून ठरते. 2021 च्या शेवटी राज्याने कायदा बदलून त्या गणितातून ऑनलाइन जुगार आणि सट्टा वगळले. म्हणजे तोच डॉलर विक्रमात धरायचा आणि पट्टी ठरवताना धरायचा नाही. मामला न्यायालयात गेला, जायचाच. पण कल्पनेला दाद द्या. आपल्याकडे सातबाऱ्यावर एक आणि कर्जमाफीच्या अर्जावर दुसरं क्षेत्र लिहिणाऱ्या शेतकऱ्याला आपण उगाच चलाख समजतो.

इतक्या लांब जायला व्हिसा मिळाला नाही, तर पणजीला जा. गोव्याने 1976 चा आपला जुगारबंदीचा कायदा 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या मशीनांसाठी आणि 1996 मध्ये जहाजांवरच्या टेबलांसाठी सैल केला. मांडवीत सहा कॅसिनो तरंगतात. त्यांना नदीतून हलवायचं की नाही यावर विरोधी पक्षात असताना आंदोलन करायचं आणि सत्तेत आल्यावर मुदतवाढ द्यायची, हा रिवाज पक्षनिरपेक्ष आहे. गोव्याने एका बाबतीत मात्र अटलांटिक सिटीवर कडी केली. फेब्रुवारी 2020 पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला मनाई आहे. पाहुण्यांना आग्रहाने वाढायचं आणि घरच्या पोरांना त्या पानाला हात लावू द्यायचा नाही, इतकं ते अन्न पौष्टिक. नोकरीला म्हणून आत जायची मुभा आहे.

आता महाराष्ट्राचं. आपणही मागे नव्हतो. 1976 साली विधिमंडळाने कॅसिनोवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला, आणि तो अंमलात न आणता कपाटात ठेवून दिला. 2023 मध्ये सरकारने तो रद्द करायचं ठरवलं. ज्या कायद्याखाली एक नाणंही पडलं नाही, तो 47 वर्षं सांभाळला, यावरून आपल्या कपाटांची गुणवत्ता कळते.

तुमचा हिरमोड झाला असेल, तर न्यू जर्सीची एक शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. 1974 मध्ये तिथे पहिलं सार्वमत झालं. राज्यात कुठेही, स्थानिक लोक हो म्हणतील तिथे कॅसिनो काढायचे का, असा सवाल होता. लोकांनी तो सपशेल फेटाळला. प्रत्येकाला तो आपल्या घराशेजारी दिसला. पुरस्कर्त्यांनी दोन वर्षं कळ काढली आणि 1976 मध्ये प्रश्न बदलून आणला, की कॅसिनो फक्त अटलांटिक सिटीत काढायचे का? ठराव दणक्यात मंजूर झाला. तेव्हा प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा ‘महाराष्ट्रात’ असं कुठेही लिहू नका. एका तालुक्याचं नाव घाला, आणि मत मात्र बाकी सगळ्या तालुक्यांचं घ्या.