मांडव उठल्यावर: एका प्रतिक्रियेला उत्तर

संपलेल्या प्रदर्शनांचे जुने फोटो पाहण्याबद्दल मी एक लेख लिहिला होता; त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेला हे उत्तर. आधी चूक कबूल करतो. फ्रेंच चित्रकार मातीसच्या 'ल बातो'ला (म्हणजे 'होडी'ला) मी तैलचित्र म्हटलं होतं. तुम्ही म्हणता तेच बरोबर, ते कापलेल्या कागदांचं काम आहे. लेखात दुरुस्ती केली आहे. (१९६१ साली न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, म्हणजे मोमात, ते ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं आणि एका प्रेक्षक बाईंच्या ते लक्षात आलं. त्या मानाने माझी चूक लवकर सापडली.)

आता मुख्य आक्षेप. तुम्ही लिहिलंय की चित्रं संग्रहालयांत आहेतच, ती पाहावीत. संपलेल्या प्रदर्शनांचे जुने फोटो चाळत बसणं म्हणजे मांडव उठल्यावर लग्नाची चर्चा. वाक्य झकास आहे, पण पटलं नाही.

चित्र उरतं. ते कशाशेजारी लावलं होतं आणि खाली काय लिहिलं होतं, ते उरत नाही. मोमाचं १९८४ चं 'प्रिमिटिव्हिझम' प्रदर्शन घ्या. तिथले क्युरेटर (प्रदर्शनाची मांडणी ठरवणारे) विल्यम रुबिन यांनी पिकासो वगैरेंच्या कामांशेजारी आफ्रिका आणि ओशिआनियातले (पॅसिफिक बेटांवरचे) मुखवटे, मूर्ती मांडल्या. समीक्षक थॉमस मॅकएव्हिली यांनी 'आर्टफोरम' या कलाविषयक मासिकात त्यावर सडकून टीका केली. त्यातला एक मुद्दा माझ्या डोक्यातून जात नाही: आधुनिक कामांना सालं दिली होती, मुखवट्यांना नव्हती. जणू ते कुठल्याच काळात घडले नव्हते! तोच मुखवटा आणि तेच चित्र आज तुम्ही सुटंसुटं पाहिलंत तर यातलं काहीही दिसणार नाही. खोट वस्तूंत नव्हतीच, पाट्यांत होती.

शिवाय काही कामं प्रदर्शनाबाहेर जगतच नाहीत. मोमाच्याच १९७० च्या 'इन्फर्मेशन' प्रदर्शनात कलाकार हान्स हाके यांनी प्रेक्षकांसाठी दोन पारदर्शक मतपेट्या ठेवल्या. प्रश्न असा: न्यूयॉर्कचे गव्हर्नर रॉकफेलर यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या इंडोचायना (व्हिएतनाम युद्धाच्या) धोरणाचा निषेध केलेला नाही, या कारणाने तुम्ही नोव्हेंबरात त्यांना मत देणार नाही का? रॉकफेलर त्याच संग्रहालयाचे विश्वस्त! 'हो'ची, म्हणजे मत न देणाऱ्यांची, पेटी 'नाही'च्या पेटीच्या दुपटीहून जास्त भरली. यात 'मूळ कलाकृती' कुठली मानायची? रिकाम्या पेट्या जपून ठेवता येतील, पण पाहण्यासारखं होतं ते भरत जाणं.

फोटोंबद्दलची तुमची तक्रार मात्र अर्धी मान्य. कृष्णधवल फोटोत रंग जातो, आकाराचा अंदाज जातो, गर्दी जाते. पण प्रदर्शनाचं पुस्तकही कमी फसवं नसतं. मोमाच्या १९५५ च्या 'द फॅमिली ऑफ मॅन' या फोटोंच्या प्रदर्शनात छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांनी बाकी सगळ्या कृष्णधवल फोटोंमध्ये हायड्रोजन बॉम्बच्या स्फोटाचा एक मोठा रंगीत फोटो मागून प्रकाश टाकून लावला होता. प्रचंड खपलेल्या पुस्तकात तो नाही. फक्त पुस्तक पाहिलेल्याला प्रदर्शन गोड, भाबडं वाटतं (मलाही कितीतरी वर्षं वाटत होतं), कारण त्यातला सगळ्यात कडू घास गाळला आहे.

आणि प्रत्येक मांडव उठतोच असंही नाही. याच प्रदर्शनाची एक फिरती प्रत १९९४ पासून लक्झेंबर्गमधल्या क्लेर्वोच्या किल्ल्यात कायमची लावलेली आहे.