छोट्या केसांवर वॅक्स थापणाऱ्यांनो, थांबा आता

दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. राजेंद्र नगरातल्या काकूंचा मुलगा आज समोर येऊन बसला. वय १९, केस जेमतेम चार बोटं. महिन्यापूर्वी सलूनमधून ड्रेडलॉक्स, म्हणजे जटा, करून आला होता. मानेजवळची एक बट कात्रीने कापली, तर आत केस चिकटवायच्या वॅक्सचा राखाडी लगदा. त्यात टॉवेलचे धागे, धूळ, आणि अगदी मधोमध ओल. वास ओल्या फडक्यासारखा. सलूनवाल्याने त्याला सांगितलं होतं म्हणे, "छोटे बालों में वैक्स के बिना टिकता ही नहीं."

धादांत खोटं आहे हे!

जट बनते कशी, एवढं तरी समजून घ्या. रोज आपले ५० ते १०० केस गळतात. विंचरलं की ते फणीत येतात, नाही विंचरलं तर शेजारच्या केसांत अडकून राहतात. केसावर बारीक खवले असतात, पाण्याने आणि घासण्याने ते एकमेकांत रुततात. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात आटून घट्ट होतो ना, तसंच. त्यासाठी केस स्वच्छ आणि मोकळे हवेत. वॅक्समध्ये ते नुसते चिकटतात, हलत नाहीत, गुंतत नाहीत. आणि वॅक्स धुऊन निघत नाही, उलट धूळ धरून ठेवतं. सिंहस्थात उज्जैनला साधूंच्या जटा आपण सगळ्यांनी पाहिल्यात. कुणाच्या हातात वॅक्सचा डबा दिसला?

घट्ट कुरळ्या केसांना दोन इंचही पुरतात, फणीच्या टोकाने गोल गोल पिळून सुरुवात होते. आपल्याकडच्या सरळ किंवा लहरी केसांना चार ते सहा इंच हवेत. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात. म्हणजे या पोराला "तीन-चार महिने थांब रे" एवढंच सांगायचं होतं. पण मग बिल कसं झालं असतं?

लांबी आली की तेल आणि कंडिशनर आठवडाभर बंद. साध्या शांपूने दोनदा धुवा, पूर्ण वाळवा. मग साधारण एक इंचाचे चौकोन पाडा, पण विटांच्या भिंतीसारखे, एका ओळीचा सांधा दुसऱ्या ओळीच्या मध्ये. नाहीतर टाळूच्या सरळ रेषा दिसतात. चाळीस ते साठ बटा होतील. एकेक बट ताठ धरून, फिरवत फिरवत, बारीक दातांच्या स्टीलच्या फणीने मुळाकडे उलटी विंचरायची. घाई केली की मुळाशी गाठ आणि खाली पोकळ. मग ०.७५ मिमीच्या क्रोशाच्या सुईने सुटे केस आत ओढायचे. सुई आडवी घाला आणि जपून. जोर लावला की केस तुटतात. कानशिलाजवळ मुळं कधीही आवळू नका. तिथे सततच्या ताणाने गेलेले केस परत येतीलच असं नाही.

रबरबँड नको, तो केस कापतो. पहिले दहा-पंधरा दिवस धुऊ नका, नंतर आठवड्याला एकदा. शांपू पाण्यात पातळ करून फक्त टाळूवर, मग बटा पिळून पंख्याखाली. पावसाळ्यात रात्री धुवायचंच नाही, ओल आत राहिली की बुरशी धरते. प्रत्येक धुण्यानंतर मुळाशी शेजारशेजारच्या बटा बोटांनी वेगळ्या करा, नाहीतर त्या जोडल्या जातात. नीट घट्ट व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. मधले काही महिने डोकं विस्कटलेलंच दिसणार, आणि लांबीही कमी होणार.

मान्य, वॅक्सने पहिले आठ दिवस फोटो झकास येतो. सलूनवाल्यालाही पोट आहे. पण पोराच्या डोक्यात ओल कुजत ठेवून?

काकूंना मात्र मी रागावू शकले नाही. घरात आजी रडतायत, "देवीची जट आली का रे?" यल्लम्माच्या नावाने किती बायकांच्या डोक्यावर ते ओझं ठेवलं गेलं, कापू दिलं नाही, ते आजींनी पाहिलंय. त्यांची भीती खरी आहे. पण ती जट लादलेली होती, ही याने स्वतः मागितलीय, आणि नको वाटली की कापता येते. आजींना ती कापलेली बट दाखवली, मग जरा शांत झाल्या.

उरलेल्या बटांसाठी: ड्रायरने कोमट करून टिश्यूपेपरने वॅक्स टिपायचं, मग अर्धा तास खोबरेल तेल, मग शांपू तीनदा. आत मुरलेलं निघत नाहीच. वास येणाऱ्या नऊ बटा आज कापल्या. बाकीच्या उद्या सकाळी धुवायच्या, ऊन पडलं तर.