वाण्याच्या पावत्या आणि राष्ट्राध्यक्ष: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. त्याच रात्री उत्तर लिहायला बसणार होते, पण गॅसवर चकलीची भाजणी होती आणि रागाच्या भरात ती करपली असती, म्हणून तीन दिवस थांबले. उद्या, २६ ऑक्टोबर २०२४ ला, अमेरिकेत आमच्या न्यू जर्सीत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचं लवकर मतदान (मुख्य दिवसाआधी करता येणारं) सुरू होतंय. त्याआधी हे लिहून मोकळं व्हायचं आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सप्टेंबर २०२० आणि सप्टेंबर २०२४ या दोन महिन्यांच्या आमच्या घरच्या किराणाच्या पावत्या मी शेजारी शेजारी मांडल्या होत्या. १० सप्टेंबरच्या, राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांच्या, म्हणजे हॅरिस-ट्रम्प डिबेटमध्ये पहिलाच प्रश्न ‘चार वर्षांपूर्वीपेक्षा लोकांची परिस्थिती बरी आहे का’ असा होता आणि दोघांनीही त्याचं सरळ उत्तर दिलं नाही, असं माझं म्हणणं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘ताई, दोन-चार पावत्यांवरून राष्ट्राध्यक्षाची कारकीर्द तोलता येत नाही. महागाई जगभर झाली, त्याला कोविड आणि युक्रेन कारणीभूत. अमेरिकेत पगार वाढले, बेरोजगारी कमी आहे, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. डिबेट पिट्सबर्गला नव्हे, फिलाडेल्फियाला झाली. आणि डॉलरमध्ये कमावणाऱ्यांनी महागाईचं रडगाणं गाऊ नये, ते शोभत नाही.’

आधी चूक कबूल करते. डिबेट फिलाडेल्फियालाच झाली. दोन्ही शहरं पेनसिल्व्हेनियातली, आणि निवडणुकीमुळे सध्या दिवसभर त्याच राज्याचं नाव कानावर पडतं, त्यात माझी गफलत झाली. लेखात दुरुस्ती केली आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते. मला ‘ताई’ म्हणायचं आणि चार ओळींनी ‘रडगाणं’, ‘शोभत नाही’ असे शब्द वापरायचे, ही कुठली रीत? माझ्या सख्ख्या भावानं माझ्याशी अनेकदा वाद घातला आहे, पण ‘तुला बोलायचा अधिकारच नाही’ असं तो कधी म्हणाला नाही. तुमच्या वाक्याचा अर्थ तोच होतो. आकडे चुकले असं म्हणा, मी तपासून बघेन. तोंड उघडू नकोस म्हणालात तर त्यावर मी काय तपासू?

डॉलरमध्ये कमावतो, हो. पण खर्चही डॉलरमध्येच करतो. पुण्यात बसून तुम्ही आमच्या पगाराला ८४ नं, म्हणजे डॉलरच्या २०२४ मधल्या रुपयातल्या भावानं, गुणता. मग त्याच ८४ नं आमच्या कोथिंबिरीच्या जुडीला, मुलीच्या दाताच्या बिलाला आणि घराच्या हप्त्यालाही गुणून बघा. डोंगर दुरूनच साजरे दिसतात.

आणि मी हे बसल्या जागी शिकलेली नाही. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. सांगलीत दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं. आई लाल पुठ्ठ्याच्या वहीत रोजचा हिशेब लिहायची: दूध, रॉकेल, रेशनची साखर, आणि शेवटी ‘इतर’ या सदरात आमच्या वह्या-पेन्सिली. महिना संपताना ‘इतर’वर काट मारली जायची. साखर महागली की पेन्सिल उशिरा येते, हे मला सातव्या वर्षी कळत होतं. त्या वहीत कधी महागाईचा टक्का नव्हता, पण सरकार कुठलं आलं आणि काय झालं ते आई वही बघून सांगायची. तिला अर्थशास्त्र कळत नव्हतं असं कोणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही.

ती सवय मी इथेही सोडली नाही. २००३ मध्ये आले तेव्हापासूनच्या वह्या माझ्याकडे आहेत. २००९ ची वही उघडायला अजून नको वाटतं. फेब्रुवारीत नवऱ्याची नोकरी गेली. कंपनीनं साठ दिवसांची नोटीस दिली होती. व्हिसा नोकरीला बांधलेला, दुसरी नोकरी मिळाली नाही तर घर आवरून परत जायचं. मुलगी दीड वर्षाची होती. त्या साठ दिवसांत मी रोज संध्याकाळी वहीत एकच आकडा लिहायचे, बँकेत किती उरले तो. नोकरी मिळाली ती बावन्नाव्या दिवशी. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये या देशातली बेरोजगारी १० टक्क्यांवर गेली होती. तेव्हा बेरोजगारी म्हणजे काय, हे कृपा करून मला समजावू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये ती ४.१ टक्के होती, चांगली गोष्ट आहे, मला आनंदच आहे. पण ज्याची नोकरी टिकली त्याच्या घरचं बिल वाढलं तर त्यानं गप्प बसावं, असं त्यातून निघत नाही.

तुमचा खरा समज असा दिसतो की पावत्या दाखवणारी बाई म्हणजे ट्रम्पची समर्थक. तसं स्पष्ट लिहिलं नाहीत, पण ‘सोयीस्करपणे’ हा शब्द तिकडेच बोट दाखवतो. मी काय लिहिलं होतं ते पुन्हा वाचा. हॅरिसबाईंनी त्या पहिल्या प्रश्नाला ‘मी मध्यमवर्गीय घरात वाढले’ अशी सुरुवात केली आणि योजना सांगितल्या. बरी की वाईट, ते सांगितलंच नाही. ट्रम्पसाहेबांनी ही महागाई बहुधा देशाच्या इतिहासातली सर्वांत वाईट असल्याचं सांगितलं, जे धडधडीत खोटं आहे. जून २०२२ मध्ये महागाईचा दर ९.१ टक्के होता, चाळीस वर्षांतला सर्वाधिक. पण १९८० मध्ये तो १४ टक्क्यांच्याही वर गेला होता. म्हणून तर त्या वर्षी क्लीव्हलंडच्या डिबेटमध्ये विरोधी उमेदवार रेगननी कॅमेऱ्यात बघून लोकांना विचारलं की चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का, आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कार्टर हरले. हा सगळा परिच्छेद माझ्या लेखात होता. तुम्ही तो गाळलात, पण मी त्याला सोयीस्कर म्हणत नाही. घाईत राहिला असेल.

आणि माझ्या वहीत ट्रम्पसाहेबांच्याही नावावर जमा-खर्च आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात आमचं कपडे धुण्याचं मशीन बंद पडलं. पंधरा दिवस मी तळघरातून कपड्यांच्या बादल्या वर आणून बाथटबमध्ये धुतले, कारण दुकानात गेलो तर आदल्या वर्षी शेजारणीनं घेतलेल्या त्याच मॉडेलची किंमत चढलेली. त्या जानेवारीत त्यांनी बाहेरून येणाऱ्या वॉशिंग मशीनवर टॅरिफ, म्हणजे आयातशुल्क, लावलं होतं. गंमत बघा, टॅरिफ मशीनवर होतं, ड्रायरवर नव्हतं, तरी ड्रायरही महागला, कारण लोक जोडी घेतात आणि दुकानदार दोन्हींवर वाढ वाटून टाकतो. अर्थतज्ज्ञांनी पुढे हिशेब काढला तेव्हा दोन्हींच्या किमती साधारण ११-१२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. २०२४ च्या प्रचारात तेच उमेदवार सगळ्याच आयातीवर १० ते २० टक्के आणि चिनी मालावर ६० टक्के टॅरिफ लावू म्हणतात आणि ते पैसे परदेश भरेल असं सांगतात. मागच्या वेळी ते मी भरले. पावती आहे माझ्याकडे. २०१७ च्या त्यांच्या कर कायद्यानं राज्याचा कर आणि प्रॉपर्टी टॅक्स यांच्यापोटी केंद्राच्या आयकरात मिळणाऱ्या वजावटीला १०,००० डॉलरची मर्यादा घातली, त्याचा फटका न्यू जर्सीइतका फार थोड्या राज्यांना बसला असेल. आता सांगा, मी कोणाची भक्त?

तांदळाचंही तेच. जुलै २०२३ मध्ये भारत सरकारनं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. त्या शनिवारी सकाळी आम्ही इंडियन स्टोअरमध्ये गेलो तेव्हा रांग दारापर्यंत होती आणि काउंटरवर हातानं लिहिलेला कागद: ‘एका कुटुंबाला एकच पिशवी’. सोना मसुरीची वीस पौंडांची पिशवी मी २०२० मध्ये सोळा डॉलरला आणत होते, त्या दिवशी ती बत्तीसला घेतली. माझ्यापुढचे एक आजोबा दोन पिशव्या घेऊन आले होते, त्यांना एक परत ठेवायला लावली. ते काही बोलले नाहीत, पिशवी उचलून पुन्हा ढिगावर नेऊन ठेवली आणि हात झटकत आले. या वाढीचा तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन यांच्याशी संबंध नाही, हा निर्णय दिल्लीचा, असं मी लेखात स्वच्छ लिहिलं होतं. बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली, पिशवी अजून चोवीसच्या खाली आलेली नाही. पावतीतली कुठली ओळ कोणाच्या नावावर टाकायची हे मी एकेक करून पाहिलं आहे. अंड्यांची ओळ बर्ड फ्लूच्या नावावर टाकली आहे: सरकारी सरासरीनं डझनाला दीड डॉलरच्या आसपास असलेली अंडी जानेवारी २०२३ मध्ये ४.८२ डॉलरवर गेली, कारण कोट्यवधी कोंबड्या माराव्या लागल्या. ‘दोन-चार पावत्या’ म्हणून तुम्ही हात झटकलेत, त्यामागे हे काम आहे.

जगभर महागाई झाली, कोविड, युक्रेन, हे तर शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे, त्यावर मी वेळ घालवत नाही. पगारांचा विषय वेगळा आहे, त्यावर कधीतरी सवडीनं लिहीन.

एक गोष्ट मात्र सांगते, कारण तुमच्यासारखे शिकलेले लोक इथेच अडकतात. महागाईचा दर सप्टेंबर २०२४ मध्ये २.४ टक्के होता. म्हणून टीव्हीवरचे तज्ज्ञ म्हणतात, महागाई संपली. दर उतरला म्हणजे भाव वाढायचा वेग कमी झाला, भाव खाली आले नाहीत. जानेवारी २०२१ पासून सप्टेंबर २०२४ पर्यंत एकूण भाव जवळजवळ २० टक्क्यांनी चढले आहेत आणि ते तिथेच आहेत. डॉक्टर म्हणतात ताप वाढायचा थांबला, पण थर्मामीटरवर अजून १०२ आहे, मग अंग दुखणारच. त्यात व्याजदर. माझ्या पुतण्याचं लग्न २०२१ मध्ये झालं. तेव्हा घराचं कर्ज ३ टक्क्यांच्या आत मिळत होतं, पण हाताशी डाउन पेमेंट नव्हतं. पैसे साठवून दोघं २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बँकेत गेले तर दर ८ टक्क्यांना टेकला होता. ती दोघं अजून भाड्याच्या एका खोलीत आहेत आणि डिसेंबरमध्ये बाळ येणार आहे. हॅरिसबाई २०२४ च्या प्रचारात पहिल्या घरासाठी २५,००० डॉलर देऊ म्हणाल्या, ते ऐकून पुतण्या मला विचारतो, काकू, विकणारा किंमत तेवढीच वाढवणार नाही का? या प्रश्नाचं उत्तर डिबेटमध्ये मिळायला हवं होतं. त्याला मी काय सांगू, ‘डॉलरमध्ये कमावतोस, शोभत नाही’?

बाजारभावावर मत देणं उथळपणाचं आहे, असं तुम्हाला वाटत असेल तर आपल्याकडचा १९९८ चा महागलेला कांदा आठवा. दिल्लीत भाजपनं निवडणुकीच्या तोंडावर मुख्यमंत्री बदलून सुषमा स्वराज यांना आणलं, तरी सत्ता गेली. कांद्याच्या भावावर मत देणाऱ्या त्या बायकांना कोणी शोभत नाही म्हटलं नाही. निदान नंतर तरी नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी ‘ताई’ लिहिलं नाहीत तरी चालेल, आकडे लिहा. तुमच्या घरी महिन्याची यादी वाण्याकडे जात असेलच. २०२० ची एक आणि आत्ताची एक पाठवा. दोन्ही माझ्या पावत्यांशेजारी, एकही ओळ न गाळता, छापते.