'शिळं चीज' या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

'शिळं, उग्र वासाचं चीज गळ्यात मारलं. तव्यावर तेल सुटून रबर झालं. आठवड्यात बुरशी आली' असं लिहून तुम्ही एक स्टार दिलात आणि पैसे परत मागितलेत. तुमचं बिल काढून पाहिलं. माल शिळा नव्हता.

तुम्ही नेलंत ते प्रोव्होलोन नावाचं इटालियन चीज, 'पिकांते' प्रकारचं. इटलीत याचे दोन प्रकार. 'डोल्चे' दोन-तीन महिन्यांतच विकायला काढतात, चव सौम्य, दुधाळ. 'पिकांते' तीन महिन्यांच्या पुढे, कधी वर्षभरही मुरवतात. नाकात जाणारा तो वास मुरल्याचा आहे. नासलेलं चीज बोटाला बुळबुळीत लागतं आणि अमोनियासारखा भपकारा मारतं.

तेल सुटलं ते मोठ्या आचेमुळे. चीज फार तापलं की त्यातली प्रथिनं आवळतात, चरबी बाहेर ढकलली जाते आणि मागे चामट गोळा उरतो. गार असतानाच किसा, सँडविच भाजत आलं की आत पसरा, गॅस बारीक करून झाकण ठेवा. मिनिटा-दोन मिनिटांत वितळतं. तरी खरं सांगू? तार सुटणारं सँडविच हवं असेल तर डोल्चेच न्यावं. पिकांते वरून किसून भुरभुरायला. आमची काही गिऱ्हाइकं ते कडक भाकरीवर शेंगाचटणीसोबत खातात; मलाही ते पास्त्यापेक्षा बरं लागतं.

बुरशीचं कारण तुमच्याच फोटोत आहे: तुकडा घट्ट प्लास्टिकच्या पिशवीत आणि आतून पाण्याचे थेंब. सोलापुरात मे महिन्यात पारा 42-43 वर जातो. फ्रीजमधला तुकडा ओट्यावर राहिला की त्याला पाणी सुटतं, आणि तसाच पिशवीत बांधला की बुरशीचं फावतं. लागेल तेवढं कापून बाकीचं लगेच आत टाका, बटर पेपरमध्ये गुंडाळून, सैल झाकणाच्या डब्यात, भाजीच्या कप्प्यात. फ्रीझरमध्ये नको, भुसभुशीत होतं. आहे तो तुकडाही फेकू नका. बुरशीभोवतीचा आणि खालचा इंचभर भाग कापून टाका, सुरी बुरशीला लागू देऊ नका. किसलेल्या चीजवर आली असती तर मात्र सगळंच टाकावं लागलं असतं.

शाकाहारी आहे का, असंही विचारलंत. इटलीत पिकांतेला करडाचं किंवा कोकराचं रेनेट (दूध घट्ट करायला लागणारं, पिल्लाच्या जठरातून काढलेलं विरजणासारखं द्रव्य) वापरतात. आम्ही ठेवतो ते मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं, पुड्यावर हिरवा ठिपका आहे.

पैसे या कारणासाठी परत देता येणार नाहीत. पुढच्या वेळी कशासाठी हवंय ते काउंटरवर सांगा. दोन्ही प्रकारांची एकेक चकती चाखायला देऊ, मग ठरवा.