‘प्रोसेसर कोणताही घ्या, पैसा कार्डात घाला’ : एका फिरत्या सल्ल्याला उत्तर

लग्नाचे शूटिंग आणि अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून ‘घरच्या घरी एडिटिंग पीसी, दुकानदार सांगणार नाही ती सहा गुपिते’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. जळगाव-धुळ्याकडच्या चार जणांनी तो मला पाठवला आणि चारही वेळा मी तो न वाचता पुसून टाकला. पाचव्यांदा तो चोपड्याच्या भाच्याकडून आला, तेव्हा त्याने त्या मजकुराबरहुकूम यंत्र जोडूनही घेतले होते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) एका लग्नाचे फुटेज त्याने टाइमलाइनवर (एडिटिंगमध्ये क्लिपा ओळीने मांडण्याच्या पट्टीवर) टाकले आणि मला फोन केला : “मामा, इतलं महाग कार्ड लिधं, तरी हाई अटकस काब्र?” (एवढे महाग ग्राफिक्स कार्ड घेतले, तरी हे का अडकते?)

ती सहा गुपिते थोडक्यात अशी : सगळा पैसा ग्राफिक्स कार्डात घाला आणि प्रोसेसर ‘एफ’ अक्षराचा स्वस्त घ्या, कार्डाची ताकद त्याच्या जीबीवर मोजा, क्रिप्टो चलनाच्या मायनिंगमध्ये वापरलेली कार्डे निम्म्या भावात मिळतात, ती बिनधास्त घ्या, कॅबिनेटबरोबर येणारा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) पुरतो, उन्हाळ्यात कॅबिनेटचे झाकण काढून ते कूलरसमोर ठेवा, आणि गेमिंग कार्डात रंग चुकतात, म्हणून जमल्यास जुने क्वाड्रो (एनव्हिडिया या कंपनीचे व्यावसायिक कामाचे कार्ड) शोधा.

पहिल्या गुपिताने भाच्याचे सर्वांत जास्त नुकसान केले, म्हणून आधी तेच घेतो. इंटेलच्या प्रोसेसरच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ असेल तर त्यात अंगभूत ग्राफिक्स, म्हणजे कार्डाशिवाय चित्र दाखवणारा भाग, नसते. कार्ड घेणारच आहात, मग त्या ग्राफिक्सचे पैसे कशाला मोजायचे, असा मजकुराचा युक्तिवाद आहे, आणि केवळ गेम खेळणाऱ्यासाठी तो बिनतोडही आहे. एडिटिंग करणाऱ्याचे काम मात्र वेगळ्या ठिकाणी अडते. कॅमेऱ्यातून येणारी एच.२६५ (व्हिडिओ दाबण्याची एक पद्धत) फाइल घट्ट दाबून बांधलेली असते आणि प्लेहेड (टाइमलाइनवरचा सरकता काटा) जरा हलवला तरी ती प्रत्येक वेळी उलगडावी लागते. हे उलगडण्याचे काम कार्डातील ते हजारो कोअर, ज्यांच्या संख्येवर कार्डाची किंमत ठरते, करत नाहीत. त्यासाठी चिपवर डीकोडर नावाचा स्वतंत्र भाग असतो आणि त्याला कोणत्या प्रकारची फाइल उलगडता येईल हे चिप घडतानाच ठरून गेलेले असते.

भाच्याच्या नव्या सोनी कॅमेऱ्यात त्याने १० बिट ४:२:२ हा रंग साठवण्याचा प्रकार निवडला होता, आणि तो चुकीचा नव्हता. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या मिळतात, १० बिटमध्ये १,०२४. शिवाय ४:२:० च्या तुलनेत ४:२:२ मध्ये रंगाचे नमुने दुप्पट असतात. हळदीच्या कार्यक्रमात पिवळ्यावर पिवळे चढलेले असताना रंग दुरुस्त करायला बसलेल्या कोणालाही या फरकाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. प्रश्न एवढाच आहे की ही फाइल उलगडणार कोण.

याचे उत्तर एनव्हिडियाने स्वतःच देऊन ठेवले आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर एक तक्ता आहे, ज्यात प्रत्येक कार्डापुढे कोणता कोडेक (व्हिडिओ दाबण्याची पद्धत), किती बिट आणि कोणता क्रोमा प्रकार (४:२:० की ४:२:२) उलगडतो हे होय-नाही असे लिहिलेले आहे. एच.२६५ च्या ४:२:२ रकान्यात आरटीएक्स कार्डांची २० मालिका, ३० मालिका आणि ४० मालिका या सर्वांपुढे ‘नाही’ आहे. लाखाच्या वर किंमत असलेल्या आरटीएक्स ४०९० पुढेही ‘नाही’च आहे. २०२५ मध्ये बाजारात आलेल्या ५० मालिकेपासून तेथे ‘होय’ दिसू लागते. याउलट इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतील अंगभूत ग्राफिक्स ही १० बिट ४:२:२ एच.२६५ फाइल सहज उलगडते. म्हणजे मजकुराने ‘फुकटचा खर्च’ म्हणून जो भाग गाळायला लावला, नेमका तोच भाग भाच्याला हवा होता. त्याच्याकडे आय-फाइव्ह १२४००एफ आणि १६ जीबीचे आरटीएक्स ४०६० टीआय आहे. ‘एफ’ नसलेला १२४०० घेऊन कार्ड एक पायरी खालचे घेतले असते, तर हे लग्न वेळेवर हातावेगळे झाले असते आणि पैसेही उरले असते.

हे त्याला फोनवर पटेना, म्हणून मी रविवारी चोपड्याला गेलो. टास्क मॅनेजर उघडून टाइमलाइन चालवली. प्रोसेसरचा आलेख १०० टक्क्यांना चिकटलेला, चित्र दर दुसऱ्या सेकंदाला थबकणारे, आणि त्या महागड्या कार्डाच्या पानावर ‘व्हिडिओ डीकोड’ या आलेखाची रेघ तळाशी सपाट, शून्य टक्के. मग त्याच टाइमलाइनवर त्याच्या मोबाइलमधली एक साधी ४:२:० क्लिप टाकली, तशी ती रेघ लगेच वर उठली आणि चित्र सुरळीत वाहू लागले. कार्डात बिघाड नव्हता. त्याला ही फाइल कळतच नव्हती. अमुक कार्ड ‘४के’ चालवते, असे कोणी सांगितले की वाचकांनी कोणते ४के, हा प्रश्न तिथल्या तिथे विचारावा.

ज्यांच्याकडे ‘एफ’ नसलेला प्रोसेसर आहे, त्यांच्यासाठी एक सूचना येथेच देतो, कारण ती त्या मजकुरात असणे शक्यच नव्हते. स्वतंत्र कार्ड बसवले की अनेक मदरबोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन ते पुन्हा चालू करावे लागते, आणि प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मीडिया सेटिंगमध्ये हार्डवेअर डीकोडिंगखाली इंटेलच्या चौकटीत खूण आहे ना, हेही पाहावे लागते.

पहिल्या गुपितात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन (अंधारातल्या चित्रातले दाणे घालवणे), रंगांचे थरावर थर आणि मास्क यांचा भार खरोखरच कार्डावर पडतो आणि तेथे मोठे कार्ड झपाट्याने काम उरकते. मात्र दोन तासांच्या लग्नाच्या व्हिडिओत कापणे-जोडणेच अधिक असते आणि नॉइज रिडक्शन रात्रीच्या वरातीपुरते लागते.

जीबीचे गुपित तर हास्यास्पद आहे. ‘४ जीबीचे कार्ड २ जीबीच्या दुप्पट वेगाचे’ असे मजकूर बेधडक सांगतो, आणि याच समजुतीवर ‘४ जीबी’ असे ठळक छापलेली जीटी ७३० कार्डे अजून खपतात. हे कार्ड २०१४ चे आहे. त्याच्या ६४ बिट डीडीआर३ प्रकारात मेमरीतून सेकंदाला सुमारे १४ जीबी माहिती ये-जा करू शकते. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी प्रकारात हाच आकडा ३६० आहे. टाकी मोठी आणि नळ करंगळीएवढा, असा हा प्रकार. शिवाय त्यातील केप्लर चिपसाठी नव्या ड्रायव्हरांची वाट एनव्हिडियाने २०२१ मध्येच बंद केली. जीबी अगदीच बिनकामाचे आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. ४के टाइमलाइनवर मेमरी कमी पडली की रिझॉल्व्ह तसा संदेश दाखवून थांबते, आणि म्हणूनच जास्त इफेक्ट वापरणाऱ्याने ८ जीबीच्या ४०६० ऐवजी १२ जीबीच्या जुन्या ३०६० चा विचार केला, तर त्याला मी वेड्यात काढणार नाही.

कूलरचा सल्ला ज्याने लिहिला, त्याने खानदेशातला मे महिना पाहिला असेल, पण कूलर आतून पाहिलेला दिसत नाही. बाहेर पारा ४४-४५ वर असताना कार्ड तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते, इथपर्यंत सगळे खरे आहे. पण कूलर ओल्या जाळीतून हवा ओढतो, तिच्याबरोबर बारीक तुषारही बाहेर फेकतो, आणि आपल्याकडे टाकीत बहुधा बोअरचे जड पाणी असते. अशा रीतीने एक अख्खा उन्हाळा कूलरसमोर काढलेले कार्ड मी स्वतः उघडले आहे. पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या पत्र्यांमध्ये जुन्या माठाच्या बुडाला धरते तशी पांढरी पुटे धरली होती, आणि त्यात धूळ बसून लेप झाला होता. वाचवायला गेलेले कार्ड त्यामुळे आणखी तापू लागले होते. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, पुढून हवा आत आणि मागून बाहेर जाईल असे दोन पंखे लावा, झाकण बंद ठेवा, आणि लांब रेंडर (तयार व्हिडिओ बाहेर काढणे) पहाटेला लावा. कूलर माणसांसाठी राहू द्या.

एसएमपीएसबद्दल एवढेच सांगतो की ४०६० टीआयसाठी एनव्हिडिया ५५० वॅटची शिफारस करते, आणि कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या डब्यावर छापलेल्या वॅटवर मी तरी विश्वास ठेवत नाही. मायनिंगची कार्डे सगळीच वाईट नसतात, हेही खरे आहे. पण इथेरियम या क्रिप्टो चलनाचे मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये थांबल्यावर बाजारात लोटलेल्या मालात पी१०६ सारखी कार्डेही आहेत, ज्यांना मॉनिटर जोडण्याची खाचच नसते, आणि ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’ या नावाखाली मुळात ५७० च मिळते. क्वाड्रोचा मुद्दा जुना झाला; गेमिंग कार्डांसाठी एनव्हिडिया २०१९ पासून स्टुडिओ ड्रायव्हर देते, तो टाका आणि जमल्यास ते पैसे चांगल्या मॉनिटरवर खर्च करा.

भाच्याचा प्रोसेसर दुकानदाराने परत घेतला नाही. सील फोडलेले खोके कोणी घेतही नाही. तूर्त आखाजीच्या लग्नाच्या प्रॉक्सी फाइली (मूळ फाइलींच्या हलक्या नकला) रात्रभर बनवून त्यांवर कापाकापी चालू आहे. पुढच्या लग्नापासून कॅमेऱ्याच्या मेनूत १० बिट ४:२:० ठेवायचे ठरले आहे, कारण ती एच.२६५ फाइल त्याच्या कार्डाला उलगडता येते. ‘एफ’ नसलेला जुना १२४०० कोठे मिळतो का, याची चौकशी जळगावात चालू आहे.