कॉलर पिळली म्हणून स्प्रिंग कडक होत नाही

कॉइलओव्हर म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग यांचा संच; त्यात स्प्रिंग आट्यांवर फिरणाऱ्या एका रिंगवर, म्हणजे कॉलरवर, बसते. असे कॉइलओव्हर बसवलेल्या गाडीवाल्यांमध्ये एक सल्ला कायम फिरत असतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर हाच: "स्प्रिंगखालची कॉलर वर पिळा, प्रीलोड वाढतो, स्प्रिंग कडक होते. मऊ हवी तर कॉलर उतरवा. शून्य प्रीलोड सगळ्यात आरामदायी. चारही चाकांना सारखे आटे ठेवले की गाडी सपाट बसते. चाकसुद्धा काढावं लागत नाही, पाच मिनिटांचं काम आहे, आणि अलाइनमेंटवर पैसे घालवू नका."

प्रीलोड म्हणजे गाडीचा भार येण्याआधीच कॉलरने स्प्रिंग जितकी दाबून ठेवलेली असते ते माप. हे काम घरी होतं, एवढं खरं. मी स्वतः घरीच करतो. पण बाकीचा सल्ला एकेक वाक्य धरून तपासला पाहिजे, कारण त्यातलं पहिलंच वाक्य चुकलंय आणि पुढची त्याच्यावर उभी आहेत.

"प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते."

स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला किती किलो लागतात, तो तिचा कडकपणा. '६ किलोची स्प्रिंग' म्हणतात ती याच अर्थाने. हा आकडा ठरतो तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, मोकळ्या वेढ्यांची संख्या आणि पोलादाचा स्वतःचा ताठपणा यांवर. तारेची जाडी तर चौथ्या घातात मोजली जाते: तार दहा टक्के जाड घेतली की स्प्रिंग जवळजवळ दीडपट कडक. कॉलर फिरवून यातलं काय बदललं? काहीच नाही.

आता गाडीखाली जाऊ. समजा, एका कोपऱ्यात स्प्रिंगवर ३०० किलो भार येतो (चाक, ब्रेक, हब यांचं वजन सोडून) आणि स्प्रिंग ६ किलोची आहे. ३०० पेलायला ती ५० मिलिमीटर दबणारच. प्रीलोड ५ मिमी ठेवला असेल तर ५ आधीच दबलेली आहे. गाडी जमिनीवर आली की उरलेले ४५ मिमी शॉकअपचा दांडा आत जातो. प्रीलोड २० केला तर दांडा ३० मिमीच आत जाईल. म्हणजे गाडी १५ मिमी उंच उभी राहील. स्प्रिंग मात्र दोन्ही वेळा नेमकी ५० मिमीच दबलेली, आणि पुढचा मिलिमीटर दोन्ही वेळा ६ किलोच मागणार. खड्ड्यानंतर गाडी सेकंदाला किती हेलकावे घेईल तेही भार आणि कडकपणा या दोघांवरच. दोन्ही वेळा सव्वादोनच्या आसपास.

कागदावर पटत नसेल तर मी एकदा केलं ते करून बघा. एक लहानशी स्प्रिंग घेतली, मिलिमीटरला साधारण किलोभर मागणारी. तिच्यातून लांब बोल्ट घातला, दोन्ही टोकांना वायसर, आणि नट १० मिमी आवळला. बोल्टचं शेपूट खाली सरकायला जागा हवी म्हणून नळीचा तुकडा घेऊन त्यावर हे उभं केलं, आणि सगळं वजनकाट्यावर. वरून तळहाताने दाबत गेलो. काटा ५ दाखवतो, स्प्रिंग ढिम्म. ८, तरी ढिम्म. १० ओलांडले आणि वायसर हलला. ११ ला एक मिलिमीटर, १२ ला दोन, १३ ला तीन. नट सैल करून पुन्हा केलं तर सुरुवात लवकर झाली, पण पुढचा हिशेब तोच: मिलिमीटरला किलो.

त्या 'ढिम्म' मध्येच या समजुतीचा उगम आहे. वरच्या गाडीत कोणी प्रीलोड ६० मिमीपर्यंत नेला, तर स्प्रिंगमध्ये ३६० किलोचा ताण आधीच भरलेला. गाडीचे ३०० किलो तिला हलवूच शकत नाहीत. दांडा पूर्ण बाहेर ताणलेला राहतो, बारीकसारीक खडी थेट पाठीत लागते आणि मालक म्हणतो, "बघा, झाली ना कडक!" कडक नाही झाली, कामावरच येईना झाली. ६० किलोहून मोठा धक्का बसला की तीच ६ किलोची स्प्रिंग पुन्हा हजर.

"पण माझ्या स्प्रिंगचे वेढे एका बाजूला जवळजवळ आहेत, तिला हे लागू नाही," असा मुद्दा येतो. चांगला मुद्दा आहे. अशी स्प्रिंग जितकी दबेल तितकी कडक होत जाते, हे खरं. पण गाडी उभी असताना भार तोच, म्हणून दाबही तोच, आणि त्या जागचा कडकपणाही तोच. प्रीलोडने फरक पडतो तो चाक लोंबकळत असतानाच्या टोकाला.

माझा अंदाज, ही भाषा दुचाकीवरून आली असावी. मागच्या शॉकअपची पायऱ्यांची रिंग फिरवली की आपण "शॉकअप कडक केला" म्हणतो. तिथेही ती रिंग मागे कोणी बसल्यावर खचलेली गाडी पुन्हा जागेवर आणते, एवढंच. आणि खटक्यांची जी घुंडी असते ती वेगळीच गोष्ट: ती तेलाचा अडथळा बदलते, स्प्रिंगला हात लावत नाही.

"मऊ हवी तर कॉलर उतरवा."

इथे मी स्वतः फसलोय. पहिल्यांदा कॉइलओव्हर बसवले तेव्हा गाडी दणके देत होती. सल्ला ऐकून पुढच्या दोन्ही कॉलरी २० मिमी खाली घेतल्या. गाडी दिसायला झकास झाली आणि चालायला बैलगाडी. मग आणखी पाच मिमी उतरवाव्यात असं डोक्यात आलं, यावरून मी किती गोंधळलो होतो ते कळेल.

झालं काय होतं, ते एका प्लॅस्टिकच्या पट्टीने सांगितलं. वायर बांधायची साधी झिप टाय दांड्यावर, सीलला टेकवून, बेताची घट्ट बांधली. शॉकअप जितका दबेल तितकी ती सरकते आणि तिथेच राहते. रस्त्यावरून संथ एक चक्कर मारून आलो, चाक काढलं, तर पट्टी वरच्या रबरी बफरला चिकटून बसलेली, तिचं डोकं रबरात रुतून खाच पडलेली. एकही मोठा खड्डा लागला नव्हता.

माझ्या शॉकअपचे आकडे वरच्या उदाहरणासारखेच होते. दांड्याची चाल ११० मिमी, वरचा बफर ४० मिमी. ५ मिमी प्रीलोडवर दांडा ४५ आत. उरले ६५, त्यातले ४० बफरचे, म्हणजे बफरला टेकेपर्यंत मोकळे २५ मिमी. कॉलर २० उतरवल्यावर दांडा ६५ आत आणि मोकळे राहिले फक्त ५. म्हणजे प्रत्येक बारक्या उंचवट्यावर गाडी स्प्रिंगवर नव्हे, रबरावर बसत होती, आणि दबलेलं रबर कोणत्याही स्प्रिंगपेक्षा कडकच लागतं. पुढे मी कॉलर उलट वर नेली, प्रीलोड १५ केला, आणि गाडी सुधारली. 'कडक' करून मऊ झाली! यात चमत्कार नाही. दांड्याला हलायला जागा मिळाली.

प्रीलोडने ठरतं ते हेच: ११० मिमीच्या त्या चालीत गाडी उभी कुठे राहणार. वर किती जागा, खाली किती. खालची जागाही लागते, कारण चाक खड्ड्यात उतरतं तेव्हा दांडा बाहेर यावा लागतो. ती नसली तर खळकन आवाज येतो आणि टायर क्षणभर रस्ता सोडतो. रस्त्यावरच्या गाडीला मी चालीचा साधारण तिसरा हिस्सा खाली राखतो आणि बाकी वर.

ज्या कॉइलओव्हरचा खालचा ब्रॅकेटही आट्यांवर असतो, त्यांत उंची तिथून बदलायची. शॉकअपची एकूण लांबी बदलते, चालीची वाटणी जशीच्या तशी राहते. असा सेट घेऊनही जे गाडी स्प्रिंगची कॉलर पिळून खाली-वर करतात, त्यांनी ज्या सोयीचे पैसे मोजले तीच वाया घालवली.

"शून्य प्रीलोड सगळ्यात आरामदायी."

आरामाशी संबंध नाही, हे वर आलंच. शून्याच्याही खाली गेलं की मात्र धोका आहे: गाडी जॅकवर घेतली की स्प्रिंग हाताने हलते, खुळखुळते. रस्त्यावर चाक पूर्ण खाली उतरल्यावर ती बैठकीतून निसटते आणि परत बसताना तिरकी बसू शकते. हाताने घट्ट झाल्यावर आणखी दोन-चार मिलिमीटर, किंवा बनवणाऱ्याने सांगितलेला आकडा, याच्या खाली जाऊ नये. त्याहून खाली उतरायचंच असेल तर चपट्या तारेची हेल्पर स्प्रिंग घालतात. गाडी उभी असताना ती पूर्ण मिटलेली असते. मुख्य स्प्रिंग जागेवर धरून ठेवणं हेच तिचं काम.

"चारही चाकांना सारखे आटे ठेवा."

पुढे इंजिन, मागे रिकामी डिकी, स्टिअरिंगमागे माणूस. चार कोपऱ्यांवर चार वेगळे भार, मग सारख्या आट्यांवर गाडी सपाट कशी बसेल? शिवाय चाक १० मिमी हललं म्हणून स्प्रिंग १० हलतेच असं नाही. पुढच्या स्ट्रटमध्ये (चाकाच्या हबला थेट जोडलेला उभा शॉकअप) जवळपास तसं होतं, पण मागे स्प्रिंग चाक धरणाऱ्या आर्मच्या मध्येच बसवलेली असेल तर चाकाच्या १० मिमीला ती ७ च हलेल. तिथे कॉलर १० मिमी चढवली की गाडी १४ मिमी उचलली जाते.

आणि एक कोपरा एकट्याने वाढवला तर फक्त तोच वाढत नाही. डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या एका पायाखाली कागदाची घडी घातली की तो पाय आणि त्याच्या तिरक्या समोरचा असे दोन पाय वजन घेतात, बाकीचे दोन हलके होतात. गाडीचंही तसंच. डावी पुढची बाजू जरा खाली दिसते म्हणून तिथलीच कॉलर पिळत बसलात, तर उंची थोडी सुधारेल, पण भार डाव्या पुढच्या आणि उजव्या मागच्या चाकावर जाईल आणि जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढेल. अचूक काम चार वजनकाट्यांवर, ड्रायव्हरच्या जागी तेवढं वजन ठेवून होतं. काटे नसतील तर निदान एका आक्सावरच्या दोन कॉलरींत दोन-तीन मिलिमीटरहून जास्त फरक ठेवू नका, आणि बारीक कलतेपणा डोळ्याआड करा.

"चाक काढायची गरज नाही, पाच मिनिटांचं काम."

भार असताना कॉलर पिळली तर ३०० किलो त्या बारीक आट्यांवर घासतात. शॉकअपची बॉडी पोलादी असो, कॉलर बहुधा ॲल्युमिनियमची; आटे तिचे जातात. मग ती ना वर ना खाली.

मला दोन कोपऱ्यांना पहिल्या वेळी अर्धा दिवस लागला. सपाट जमीन, मागच्या चाकांना अडणी, आणि पुढची दोन्ही चाकं एकदम उचलून गाडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालायचा नाही. एकच बाजू उचलली तर अँटीरोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी सळई) त्या बाजूचं चाक वर ओढून धरतो आणि मापं फसतात. आटे नायलॉनच्या ब्रशने धुऊन घ्या. चिखलाचा एक खडा कॉलर जाम करायला पुरतो. आधी खालची लॉकरिंग सोडायची, मग कॉलर. दोन्हींना हुकाचे पाने लागतात. छिन्नी-हातोड्याने खाचा ठोकणाऱ्यांचे कॉइलओव्हर मी पाहिलेत, त्यांबद्दल न बोललेलं बरं. कॉलरबरोबर स्प्रिंगही फिरत असेल तर बैठकीला तेलाचं बोट लावा. एका फेऱ्याला किती मिलिमीटर, हे गृहीत धरू नका: दहा आट्यांचं अंतर पट्टीने मोजा, कुठे दीड मिमीचा आटा असतो, कुठे दोनचा. उतरवण्यापूर्वी कॉलरपासून शॉकअपच्या बॉडीच्या तळापर्यंतचं माप लिहून ठेवा.

वरच्या मधल्या नटाला या कामात हात लावायचा नाही. दबलेली स्प्रिंग त्याच्यावर अडलेली असते, आणि तो सुटला तर ती माणूस बघत नाही.

गाडी खाली टेकवल्यावर लगेच माप घेतलं तर ती उंच दिसेल, कारण उचललेली चाकं आत ओढलेली असतात. थोडं पुढे-मागे न्या, एक चक्कर मारा, मग हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. उंचीत मोठा बदल केला असेल तर आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर असतानाच पुन्हा आवळा. नाहीतर बुश कायम पिळलेले राहून स्वतःच स्प्रिंगसारखे वागतात आणि लवकर फाटतात.

"अलाइनमेंटवर पैसे घालवू नका."

उंची बदलली की आर्म आणि स्टिअरिंगच्या टाय रॉडचे कोन बदलतात, त्यांच्याबरोबर टो (वरून बघता चाक आत-बाहेर किती वळलंय) आणि कॅम्बर (समोरून बघता चाक किती कललंय). गाडी सरळ जात असतानाही टायरची आतली कड खात राहते, आणि आतली कड वाकल्याशिवाय दिसत नाही. टायरच्या जोडीपेक्षा अलाइनमेंट कितीतरी स्वस्त. हेडलाइटही त्याच दिवशी बघा: अडीच मीटर चाकांतराची गाडी फक्त पुढून १५ मिमी उचलली तर २५ मीटरवर उजेड सुमारे १५ सेंटीमीटर वर जातो, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांच्या दिशेने.