घाटाला निधी मिळतो, पाण्याच्या मोजणीला मिळत नाही

सोलापुरात मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतरची वर्षे भीमाकाठच्या एका गावातील तरुण मंडळ व महिला बचत गट यांच्याबरोबर नदीच्या पाण्याची तपासणी करण्यात घालवली. या कामासाठी आम्ही तीन ठिकाणी अनुदान मागितले आणि तिन्ही ठिकाणांहून नकार आला. नकार येणे यात विशेष काही नाही. परंतु त्यासाठी जी कारणे सांगितली गेली, त्यांवर सार्वजनिकरीत्या बोलणे मला आवश्यक वाटते, कारण नदीसाठी दिला जाणारा पैसा नेमका कुठे जातो हे त्या कारणांतून दिसते.

एका कंपनीच्या सामाजिक दायित्व विभागातील अधिकाऱ्यांनी अत्यंत सौजन्याने विचारले, "वर्षअखेरीस तिथे उभे काय राहणार?" आमच्या अंदाजपत्रकातील सर्वांत मोठी रक्कम गावातील दोन मुलींच्या मानधनाची होती. त्याखालोखाल रसायने, काचेच्या बाटल्या आणि नमुने सोलापूरला पोहोचवण्याचा प्रवासखर्च होता. उभे राहणारे काहीच नव्हते. त्याच रकमेत घाटाची एक बाजू फरशीने बांधून तिथे बाके आणि फलक लावणार असाल तर विचार करता येईल, असे आम्हाला सुचवण्यात आले. घाट बांधण्याला माझा विरोध नाही. मात्र फरशी बसवल्याने पाण्यातील प्राणवायू वाढत नाही.

आम्ही नेमके काय मोजतो, ते सांगतो. हवेचा बुडबुडा आत जाऊ न देता बाटली नदीतच बुडवून भरायची आणि काठावरच तिच्यात मँगनीज सल्फेट व अल्कली आयोडाइडचे द्रावण घालायचे. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असेल तर तपकिरी साका तयार होतो, नसेल तर पांढरा. पुढचे मोजमाप सोडियम थायोसल्फेटने करतात, पण गावातील कोणालाही केवळ साक्याच्या रंगावरूनच बरेच काही कळते. एका एप्रिलमध्ये कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बर्गे (काढता-घालता येणाऱ्या फळ्या) टाकून अडवलेल्या पाण्याची आम्ही पहाटे साडेपाचला तपासणी केली, तेव्हा साका जवळजवळ पांढरा होता. त्याच जागी दुपारी तीन वाजता तो गडद तपकिरी झाला. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडते आणि रात्रभर तोच प्राणवायू वापरते, त्यामुळे मासे पहाटे मरतात आणि दुपारी नमुना घेणाऱ्याला पाणी उत्तम असल्याचे आढळते. प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या मोजक्या ठिकाणांचे नमुने साधारणपणे महिन्यातून एकदा घेते. ते काम आवश्यकच आहे. तरीही पहाटेची वेळ, पहिल्या पावसाने गटारांतील साचलेला मैला नदीत येण्याचा दिवस किंवा रात्री ओढ्यात सोडलेले सांडपाणी हे त्या महिन्यातून एकदाच्या नमुन्यात क्वचितच सापडते. ते काठावर राहणाऱ्यालाच सापडते.

सोलापूरकरांसाठी हा प्रश्न दूरचा नाही. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, त्याच्या खाली मुळा-मुठा येऊन मिळते, आणि पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी घेऊन हे पाणी उजनीत येते. उजनीची एकूण साठवणक्षमता सुमारे 117 टीएमसी असून त्यातील निम्म्याहून अधिक साठा मृत, म्हणजे दारांच्या पातळीखालचा आहे. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की हिरवे पाणी आणि त्याचा वास आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. धरणाखाली पंढरपूर, आणि त्याच्याही खाली औजचा बंधारा, जिथले पाणी टाकळीहून शहराला येते. मुळा-मुठेवरील सांडपाणी प्रकल्पांसाठी 2016 साली सुमारे 990 कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. एवढे मोठे काम शासनानेच करायचे असते आणि ते गावकऱ्यांच्या बाटल्यांनी होणार नाही, हे मला पूर्णपणे मान्य आहे. पण वर प्रकल्प सुरू झाल्यावर खाली आमच्या बंधाऱ्यात काय बदलले, हे दाखवणारी आधीची आणि नंतरची सलग नोंद कोणाकडे असणार?

स्नानायोग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष स्पष्ट आहेत. विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम, बीओडी (म्हणजे पाण्यातील घाण कुजताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) 3 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, आणि मैलाजन्य जिवाणूंची संख्या 100 मिलिलिटरमागे 500 असणे इष्ट, तर 2500 ही कमाल मर्यादा. आषाढीला चंद्रभागेत स्नान करणाऱ्या माउलींना त्या दिवशीचे हे आकडे महाद्वार घाटावर फळ्यावर लिहिलेले दिसावेत, ही अपेक्षा अवाजवी आहे असे मला वाटत नाही.

आता नियमांविषयी. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि सातव्या परिशिष्टात पाण्याची गुणवत्ता राखणे हा विषय स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. म्हणजे दार उघडे आहे. परंतु बाहेरच्या संस्थेमार्फत काम करायचे असेल, तर त्या संस्थेकडे साधारणपणे आयकर कायद्याखालील बारा-ए व ऐंशी-जीची नोंदणी, सामाजिक दायित्वाची कामे घेण्यासाठीचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक आणि तीन वर्षांच्या कामाचा अनुभव असावा लागतो. पैशाचा गैरवापर टळावा म्हणून या अटी आहेत आणि मी त्यांचा आदर करतो. मात्र नदीकाठचा बचत गट या अटी पूर्ण करू शकत नाही, म्हणून निधी शहरातील मोठ्या संस्थेकडे जातो आणि तिची माणसे वर्षातून चार वेळा नदीवर येतात. त्यातच बहुतेक मंजुरी एका आर्थिक वर्षापुरती असते. वास्तविक सुरू झालेल्या वर्षानंतर आणखी तीन वर्षे चालणारा प्रकल्प नियमांना मान्य आहे. नदीचा कल कळायला किमान तीन उन्हाळे आणि तीन पावसाळे पाहावे लागतात. मार्चअखेर पैसे संपवण्याच्या घाईत नेमका एप्रिल-मे हा सर्वांत वाईट काळ निधीविना जातो.

यावर मार्ग आहे आणि तो महाराष्ट्रानेच पूर्वी चोखाळलेला आहे. नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात आधी छोट्या क्षेत्रावर गावाने काम करून दाखवायचे, श्रमदानाचा वाटा उचलायचा, आणि मगच पूर्ण पाणलोटाचा निधी मिळायचा. गावाची पात्रता कागदावरून न ठरवता कामावरून ठरवली जात असे. नदीसाठीही पहिल्या वर्षी लहान रक्कम द्यावी, नोंदवही नियमित असेल तर पुढील तीन वर्षांची हमी द्यावी, हिशेब ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, आणि नोंदणीकृत संस्थेने केवळ हिशेब व प्रशिक्षण यांची जबाबदारी घ्यावी.

गावांच्या हातात पैसे देऊ नयेत, फोटो काढून फाईल बंद होते, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. एका दिवसाच्या जलपर्णी हटाव मोहिमेसाठी पैसे घेऊन काढलेली जलपर्णी काठावरच टाकलेली मी स्वतः पाहिली आहे, आणि पहिल्या पुरात ती पुन्हा पात्रात गेली. परंतु त्या अनुदानात जलपर्णी पुढे न्यायला ट्रॅक्टरचे भाडेच धरलेले नव्हते. कामाचा शेवटचा टप्पा कोणी तरी अंदाजपत्रकातून वगळला, तर त्याचा दोष केवळ गावावर टाकता येणार नाही. आमच्या नोंदींच्या आधारे कोणावर खटला भरता येत नाही, हेही मला ठाऊक आहे. त्यासाठी 1974 च्या जल कायद्यातील पद्धतीनेच नमुना घ्यावा लागतो. मात्र अधिकाऱ्यांनी कोणत्या ओढ्यावर, कोणत्या वेळी यावे, हे या नोंदी सांगू शकतात.

भीमा, सीना, माण आणि भोगावती यांच्या काठच्या गावांतील वाचकांना माझी एक विनंती आहे. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातील 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिली होती, आणि जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच महिलांना पाणी तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद करण्यात आली. तुमच्या गावात तो संच कुठे आहे, प्रशिक्षण घेतलेल्या ताई कोण आहेत, याची चौकशी करा आणि पुढील गाव विकास आराखड्यात नदीच्या तपासणीची एक ओळ घालण्याचा आग्रह ग्रामसभेत धरा. संच सापडला, पण रसायने संपली असतील तर मला संदेश पाठवा. बाटल्या आणि द्रावणे घेऊन मी येईन, आणि पहिली तपासणी आपण पहाटे साडेपाचला करू.